जीभ सुजली, असे रुग्ण म्हणतो तेव्हा



ज्या मेट्रनबाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांनी आपल्या विद्यार्थिनींना अशी सक्त ताकीद देऊन ठेवली होती की, आपल्यामागे काही करावेसे वाटलेच तर ते खुशाल करावे, परंतु त्यास आपले नाव देऊ नये. आणि विद्यार्थिनींनी ती इतक्या कसोशीने पाळली आहे की, निमंत्रणपत्रिकेवरदेखील 'मेट्रनबाई' एवढाच उल्लेख असतो. मीही त्यांचे नाव घेणार नाही. ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केले त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी केले नाही त्यांना या तासाभरात त्यांचा थोडासा परिचय होईल अशी मला उमेद आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी कळविले की मला जिभेविषयी बोलायचे आहे. चित्तविभ्रमावरील जी औषधे आज अँटिसायकॉटिक या नावाने ओळखली जातात, ती घेणाऱ्या माणसाची जीभ कधी जड होते, कधी आखडते, आपोआप बाहेर येते अथवा घशाकडे ओढली जाते, क्वचित खरोखरच सुजते, आणि या सर्व प्रकारांत तिच्यामागे असलेला श्वासाचा मार्ग संकटात सापडू शकतो. अशा प्रसंगी रुग्ण काय सांगतो आणि आपण ते कसे ऐकतो, हा माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे.

प्रसंग सुमारे ४५ वर्षांपूर्वीचा. एका मनोरुग्णालयात नुकताच रुजू झालेला कनिष्ठ वैद्यकीय अधिकारी म्हणून मी रात्रपाळीवर होतो. आदल्या संध्याकाळी घाटमाथ्यावरच्या एका खेड्यातून एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलास त्याची आई व चुलता जीपगाडीत घालून घेऊन आले होते. चार रात्री त्यास झोप नव्हती. विहिरीतून कोणी तरी आपल्या नावाने हाका मारीत आहे या समजुतीने तो दोनदा विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आला होता. दाखल करून घेतेवेळी त्यास हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन देण्यात आले, पहाटे दुसरे देण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पुष्कळसा शांत झाला. मी समाधानाने तशी नोंद केली. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास त्याची आई माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, "सायेब, पोराची जीब सुजलीया. त्याला गिळवंना, बोलवंना."

मी गेलो. मुलगा खाटेवर ताठ बसला होता. मान एका अंगास कलली होती, डोळे वारंवार छताकडे ओढले जात होते, तोंड अर्धवट उघडे होते व ओठांच्या कडेने लाळ ओघळत होती. टॉर्चच्या प्रकाशात मी त्याची जीभ पाहिली. ती आकाराने असावी तेवढीच होती. ओठ, टाळू, पडजीभ, सर्व यथास्थित. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, धीराचे दोन शब्द बोललो, आणि काही क्षण त्याची मान सरळ झाली, जीभ सैल पडली. त्या सैलपणाने माझा घात केला. धीर देताच जे ओसरते ते मनाचेच असणार, असा निष्कर्ष मी काढला. केसपेपरवर जिभेस सूज नाही, तक्रार मानसिक स्वरूपाची दिसते, लक्ष ठेवावे, असे लिहिले, आणि खोलीवर परतलो.

अर्ध्या तासाने मेट्रनबाई स्वतः आल्या. वयाने त्या माझ्या आईएवढ्या होत्या, तरी मला अहोजाहो करीत. "डॉक्टर, सूज नाही हे खरं," त्या म्हणाल्या, "पण तो म्हणतो ते खोटं नाही. टॉर्च राहू द्या. हनुवटीखाली बोटं लावून बघा." मी बोटे लावली. हनुवटीखालचा तो भाग, जो निरोगी माणसात मऊ व दबणारा असतो, लाकडासारखा घट्ट लागत होता. मग मी कान जवळ नेला, तेव्हा प्रत्येक श्वास आत घेताना घशातून एक बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, जो पहिल्या वेळी मी ऐकलाच नव्हता, कारण ऐकण्याचे माझ्या मनात नव्हते. बाईंच्या ट्रेमध्ये प्रोमेथाझिनची अम्प्युल काढून ठेवलेली होती. त्यांना हवा होता तो केवळ माझा लेखी हुकूम. इंजेक्शन दंडाच्या स्नायूत दिल्यावर आम्ही तिघे, म्हणजे बाई, ती माउली आणि मी, खाटेपाशी बसून राहिलो. पंधरा-वीस मिनिटांत डोळे खाली आले, मान वळली, आवाज थांबला. त्याने आईकडे पाणी मागितले, आणि ते त्यास गिळता आले.

माझी आधीची नोंद मी खोडली नाही. दफ्तरात खाडाखोड करू नये असा दंडक आहे, म्हणून तिच्याखाली दुसरी लिहिली; त्या पानावर एकाच रुग्णाविषयी एकाच डॉक्टरची, अर्ध्या तासाच्या अंतराने लिहिलेली, परस्परांस खोटे पाडणारी दोन विधाने आजही असतील.

आता असा प्रश्न उपस्थित होतो की, जीभ सुजली नव्हती तर मुलगा ती सुजली असे का म्हणाला. याचे उत्तर जिभेच्या रचनेत आहे. जीभ हा मुख्यत्वे स्नायूंचा गुंता आहे: चार जोड्या स्नायू तिच्या अंतर्भागात आहेत, आणि आणखी चार जोड्या तिला खालचा जबडा, गळ्यातील कंठिकास्थी, कवटीचा तळ आणि टाळू यांच्याशी बांधून ठेवतात. हे स्नायू एरवी एकमेकांस वाट देत काम करतात. एक आवळतो तेव्हा दुसरा सैल होतो, म्हणून आपण बोलू शकतो, गिळू शकतो. जेव्हा ते सारे एकाच वेळी आवळले जातात, तेव्हा जीभ जाड, कठीण आणि आज्ञेबाहेरची होते. पायात गोळा आला तर माणूस वाकून तो पाहू शकतो. जिभेची माहिती मात्र त्याला केवळ आतून मिळते, आणि आतून मिळणारी ती जाणीव तोंडात न मावणाऱ्या वस्तूची असते. शिवाय 'आखडणे' हा शब्द आपण मानेस, कमरेस, पायास लावतो. जिभेस लावण्याची आपली रीत नाही. तिच्यासाठी सामान्य माणसापाशी 'जड झाली', 'वळत नाही', 'सुजली' एवढेच शब्द आहेत. मुलगा आपल्या अनुभवाचे यथार्थ वर्णन करीत होता. माझा टॉर्च ज्या गोष्टीचा शोध घेत होता ती निराळी होती.

आपल्या प्राचीन वैद्यकास हा भेद अपरिचित नव्हता. वातव्याधींच्या वर्णनात जिव्हास्तंभ नावाची एक अवस्था सांगितलेली आहे, जीत वाणी वाहणाऱ्या शिरांत वायू शिरून जिभेस स्तंभित करतो, आणि माणसाची अन्न, पान व वाक्य या तिहींवरील सत्ता जाते. त्या काळी ही औषधे नव्हती, तेव्हा तो व्याधी आणि हा प्रकार एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु शोथ आणि स्तंभ या दोन भिन्न वस्तू आहेत, एवढा विवेक त्या संज्ञेत आहे, आणि तो त्या रात्री माझ्यात नव्हता.

या स्तंभास आधुनिक वैद्यक तीव्र डिस्टोनिया म्हणते. मेंदूच्या खोल गाभ्यातील ज्या केंद्रांकडे हालचालींचे नियमन असते, तेथे डोपामिन आणि ॲसिटिलकोलिन या दोन रासायनिक दूतांचा तोल सांभाळलेला असतो. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास डोपामिन हा स्वतंत्र दूत आहे हे दाखविले व त्या कार्याबद्दल त्यांस पुढे २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. चित्तविभ्रमावरील औषधे या डोपामिनचे ग्राहक अडवितात, आणि त्यायोगेच आवाज मंदावतात, संशय ओसरतो. परंतु तीच अडवणूक हालचालींच्या केंद्रांत झाली म्हणजे तराजूचे दुसरे पारडे, ॲसिटिलकोलिनचे, खाली जाते. मेंदूच्या चित्रणाचे तंत्र आल्यानंतर असे दिसून आले की, सुमारे ६५ टक्के ग्राहक व्यापले गेले म्हणजे औषधाचा गुण येऊ लागतो, आणि सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे स्नायूंचे त्रास वाढतात. गुण आणि उपद्रव यांच्यामधील ही पट्टी किती अरुंद आहे ते यावरून ध्यानात यावे. प्रोमेथाझिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, बायपेरिडेन ही औषधे ॲसिटिलकोलिनचा जोर कमी करून पारडी पुन्हा समतोल करतात. म्हणूनच इतका भयंकर दिसणारा प्रकार मिनिटांच्या हिशेबात ओसरतो. तो बहुतेक पहिल्या चार-पाच दिवसांत, पुष्कळदा पहिल्या ४८ तासांतच उद्भवतो, आणि तरुण वयाच्या पुरुषांत, इंजेक्शनाने दिलेल्या तीव्र शक्तीच्या औषधाने, अधिक संभवतो. माझा मुलगा, म्हणजे त्या रात्रीचा तो रुग्ण, या तिन्ही कसोट्यांना उतरत होता. पाठ्यपुस्तकातील ते पान मी परीक्षेसाठी वाचलेले होते.

या औषधांच्या इतिहासाकडे वळताना मी प्रथमच सांगून ठेवतो की, त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. १९५० च्या डिसेंबरात पॉल शार्पांतिये यांनी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे द्रव्य तयार केले. आंरी लाबोरी या नौदलातील शल्यवैद्याने शस्त्रक्रियेपूर्वी ते दिले असता रुग्ण जागा असूनही विलक्षण उदासीन व शांत राहतो असे पाहिले. आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झाँ दले व पिएर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांस देऊन त्याचे फल प्रसिद्ध केले. ज्या वॉर्डांत साखळ्या, थंड पाण्याचे स्नान आणि किंकाळ्या हाच नित्यक्रम होता, तेथे माणसे पुन्हा बोलू लागली. १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यानसेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल निर्माण झाले. ते मात्रेने पुष्कळच कमी व शक्तीने पुष्कळच अधिक होते, आणि जीभ व मान आखडविण्यातही तसेच.

या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडाचे औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाविषयी लेख लिहिला, आणि १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपले अनुभव ब्रिटनमधील हृदयविकारांच्या नियतकालिकात प्रसिद्ध करून त्या मुळीकडे पाश्चात्त्यांचे लक्ष वेधले. तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले व अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांस दिले. १९५७ चे लास्कर पारितोषिक लाबोरी, देनिकेर, क्लाइन यांच्यासमवेत डॉ. वकिलांसही मिळाले. रेसर्पिननेही पुढे हातापायांस कंप व ताठरपणा येतो असे आढळले, म्हणजे वनस्पतीपासून काढले म्हणून ते निरुपद्रवी ठरले नाही; 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' असे म्हणणारे नातेवाईक आजही भेटतात म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आणि याच काळात एक मत रूढ झाले, ज्याने माझ्या समजुतीप्रमाणे पुष्कळ नुकसान केले. जर्मनीतील हान्स-योआखिम हासे यांनी असे प्रतिपादन केले की, रुग्णाच्या हस्ताक्षरात सूक्ष्म आखूडपणा दिसू लागेपर्यंत, म्हणजे स्नायूंवर किंचित परिणाम होईपर्यंत, औषधाची मात्रा पुरेशी झालेली नसते. मूळ कल्पना सूक्ष्म होती आणि मात्रा कमीत कमी ठेवण्याकडे तिचा रोख होता. परंतु वॉर्डावॉर्डांतून तिचे रूपांतर 'ताठरपणा आला म्हणजे औषध लागू पडले' या समजुतीत झाले. उपद्रव हीच गुणाची खूण ठरल्यावर त्याविषयीची तक्रार कोण मनावर घेणार? क्लोझापिन या औषधाने पुढे ही समजूत खोटी पाडली, कारण ते स्नायूंस जवळजवळ न छेडता गुण देते. परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन १९७५ साली फिनलंडमध्ये काही रुग्ण दगावल्यामुळे ते मागे पडले व १९८० च्या दशकाअखेरीसच नियमित रक्ततपासणीच्या अटीवर परत आले. तोपर्यंत एका पिढीच्या डॉक्टरांचे कान घडून गेले होते, आणि त्या पिढीत मी होतो.

जीभ आखडणे हे क्लेशकारक खरे, पण जिवावरचे संकट असते ते तिच्या मागे. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, आणि श्वास घेताना त्यांना एकमेकांपासून दूर सारण्याचे काम एकाच जोडीच्या स्नायूकडे सोपविलेले आहे. त्यांना जवळ आणणारे स्नायू मात्र अनेक आहेत. सर्वच स्नायू आवळले म्हणजे बहुमत मिटवणाऱ्यांचे होते आणि दार बंद होऊ लागते. तेव्हा आत घेतल्या जाणाऱ्या श्वासास तो शिट्टीसारखा आवाज येतो. हॅलोपेरिडॉलच्या उपचारात स्वरयंत्र व घसा आवळून गुदमरण्याचा संभव असतो, असा इशारा १९७८ साली अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आवाज घोगरा होणे, बोलणे तुटक होणे, लाळ गिळता न येणे, मान मागे टाकून हवेसाठी धडपडणे, यांपैकी काहीही दिसले तर शहानिशा करण्यात वेळ घालविण्याचा हा प्रसंग नव्हे: प्राणवायू, शिरेतून किंवा स्नायूत उतारा, आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी, ही एकाच वेळी सुरू झाली पाहिजेत. उतारा लागू पडला तरी रुग्णास घरी पाठवून भागत नाही. मूळ औषध शरीरात उताऱ्यापेक्षा अधिक काळ टिकते, सबब काही तासांनी तोच प्रकार पुन्हा उद्भवू शकतो, आणि म्हणून उताऱ्याच्या गोळ्या पुढे काही दिवस चालू ठेवतात.

हे टाळताही येते, आणि या बाबतीत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा व ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या रुग्णालयांचा मला आदराने उल्लेख केला पाहिजे. जेथे महाग औषधे सहज मिळत नाहीत अशा ठिकाणी खवळलेल्या रुग्णास काय द्यावे, याची पद्धतशीर परीक्षा या दोन्ही नगरांतील डॉक्टरांनी केली. रिओच्या २००७ मधील अभ्यासात ३१६ रुग्णांपैकी काहींस केवळ हॅलोपेरिडॉल व काहींस त्याच्या जोडीला प्रोमेथाझिन देण्यात आले. तीव्र डिस्टोनियाचे १० प्रसंग घडले, आणि ते सर्वच्या सर्व केवळ हॅलोपेरिडॉल मिळालेल्या गटात. प्रोमेथाझिन हे जुने, स्वस्त, बहुतेक दवाखान्यांत सापडणारे औषध आहे. मेट्रनबाई एका इंजेक्शनाबरोबर दुसरे तयार ठेवीत, ते कोणत्याही नियतकालिकात वाचून नव्हे.

आता खऱ्या सुजेविषयी. रुग्ण 'सुजली' म्हणतो तेव्हा ती बहुधा आखडलेली असते असे मी सांगितले, म्हणून जीभ खरोखर सुजतच नाही असे मात्र कोणी समजू नये. तसे समजणे ही माझ्याच चुकीची दुसरी बाजू होईल. ओठ, पापण्या, जीभ व घसा यांच्या खोल थरात एकाएकी पाणी साचून येणारी सूज १८८२ साली जर्मनीतील हाइनरिख क्विंके यांनी वर्णिली, आणि रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी ती क्वचित आल्याच्या नोंदी आहेत. जिभेखाली विरघळविण्याच्या असेनापिन या गोळीने जिभेस काही काळ बधिरता येते, ती निरुपद्रवी असते. परंतु २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच गोळीमुळे उद्भवलेल्या गंभीर ॲलर्जीचे ५२ प्रसंग नोंदवून इशारा दिला, आणि त्यांतील काही पहिल्याच मात्रेनंतरचे होते. पहिली गोळी बिनबोभाट जाते, वावडे नंतरच कळते, ही आपली समजूत येथे उपयोगी पडत नाही.

दोहोंतील फरक घरच्या माणसालाही पुष्कळसा ओळखता येतो. आखडलेली जीभ आकाराने तेवढीच राहते, बहुधा डोळे वर जातात, मान वळते, जबडा आवळतो, आणि झटका येतो-जातो. सुजलेली जीभ दिसतेही मोठी. तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटतात, ओठ वा पापण्या फुगतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, आणि ती धीराच्या शब्दांनी क्षणभरही ओसरत नाही. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल या वर्गातील गोळी चालू असेल तर खऱ्या सुजेचा संशय प्रथम तिच्यावर घ्यावा, मग ती गोळी कित्येक महिने सुखरूप घेतली जात असली तरीही. अशी सूज गांधींवाचून येते व नेहमीच्या ॲलर्जीच्या उपचारांना दाद देत नाही. ॲलर्जीच्या सुजेवर ॲड्रेनलिन हा प्राणरक्षक इलाज आहे. स्तंभावर त्याचा उपयोग नाही. घरच्या माणसाने निदान करावे अशी माझी अपेक्षा नाही. काय दिसले, केव्हा दिसले, कोणते औषध किती वाजता पोटात किंवा अंगात गेले, एवढे सांगत त्याने रुग्णास तडक रुग्णालयात न्यावे, म्हणजे त्याचे कर्तव्य झाले.

महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्यांच्या जिभेचे दुःख निराळे असते, आणि त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे. जीभ तोंडात सतत वळवळते, मध्येच बाहेर येऊन आत जाते, ओठ चघळल्यासारखे हलतात. औषध बंद केले तरी हे पुष्कळदा जात नाही. कित्येकांचा गिळण्याचा क्रमच शिथिल होतो. क्लोझापिन घेणाऱ्यांच्या तोंडात रात्री इतकी लाळ साचते की सकाळी उशी भिजलेली असते, आणि ती लाळ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मनोरुग्णालयांच्या पंगतीत घास अडकून माणसे मरतात, ही गोष्ट बाहेरच्या जगास ठाऊक नाही. तेथे जेवणाची घाई असते, दात पडलेले असतात, गिळण्याचा वेग औषधाने मंदावलेला असतो, आणि समोर कोरडी पोळी असते. बाई अशा रुग्णांस पोळी आमटीत कुस्करून देववीत व जेवताना त्यांच्या पंक्तीत एक आया बसवीत. त्यासाठी आया पुरत नाहीत म्हणून वरिष्ठांकडे दरखास्त गेली, तिचा कित्येक वर्षे निकाल लागला नाही, आणि तोपर्यंत बाई स्वतः बसत.

ज्यांच्या घरी कोणास मनोविकार नाही अशा श्रोत्यांस वाटेल की हे सारे आपणापासून दूर आहे. तसे नाही. उलटी थांबविण्यासाठी सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रामाइड व प्रोक्लोरपेराझिन ही औषधे डोपामिनचीच वाट अडवितात. तापात उलट्या होतात म्हणून कॉलेजातील मुलीस इंजेक्शन दिले जाते, आणि त्याच संध्याकाळी तिचे डोळे वर जातात, मान वळते, जीभ बाहेर लोंबते. घरात कोणी म्हणते अंगात आले, कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे, आणि भगताकडे नेण्याची तयारी होते. मी अशा मुली पाहिल्या आहेत. भगताने धुपाचे निखारे तोंडाजवळ धरलेली एक पाहिली आहे. आणि यात केवळ खेड्यातल्या अज्ञानास दोष देऊन मोकळे होता येत नाही, कारण शहरातल्या दवाखान्यात 'परीक्षा जवळ आली आहे ना? मग सोंग असेल' असे म्हटले गेल्याचेही मला ठाऊक आहे.

धीर देताच क्षणभर ओसरणे, थोड्या वेळाने पुन्हा येणे, चमत्कारिक दिसणे, हे या विकाराचे स्वाभाविक लक्षण आहे; आणि दुर्दैवाने ज्यास आपण सोंग म्हणतो त्याचेही वर्णन आपण असेच करतो. त्यात रुग्ण मनोविकाराचा असला तर त्याची फिर्याद दाखल होण्यापूर्वीच खारीज होते. विहिरीतून हाका येतात असे काल सांगणारा मुलगा आज जीभ सुजली असे सांगतो, तेव्हा कालच्या आवाजांच्या खात्यावर आजची जीभही मांडली जाते. आपल्या कचेऱ्यांत साक्षीदाराच्या कथनास 'जबानी' म्हणतात, आणि तो शब्दच मुळी फारसीतील जिभेवरून आलेला आहे. ज्याची जीभच आखडली आहे त्याची जबानी कोणी घ्यायची? ती त्याच्या आईच्या मुखाने आली होती, आणि तिचा एकही शब्द चुकीचा नव्हता: गिळवत नाही, बोलवत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास असा अधिकार दिला आहे की, सुचविलेला उपचार कोणता व त्याचे ज्ञात दुष्परिणाम कोणते हे त्यास समजेल अशा भाषेत सांगितले जावे. मी अनेक ठिकाणी पाहतो की हा अधिकार एका छापील कागदावरील सहीत आटोपतो. खरे पाहता दोन वाक्ये पुरतात: 'या औषधाने पहिल्या आठवड्यात जीभ, मान किंवा डोळे आखडले तर घाबरू नका, लगेच या, त्यावर लगेच उतारा आहे. औषध मनाने बंद करू नका, आम्ही ते बदलून देऊ.' हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. न सांगता जीभ आखडली म्हणजे कुटुंब औषधास विष समजते, गोळ्या उकिरड्यावर जातात, आणि तीन महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा विहिरीच्या काठावर उभा असतो. दुष्परिणाम सांगितल्याने रुग्ण औषध सोडतात असे माझे काही व्यवसायबंधू म्हणतात. मला आयुष्यभरात जे रुग्ण सोडून गेलेले आठवतात, त्यांतील बहुतेकांना कोणी काही सांगितलेले नव्हते.

अशा प्रत्येक प्रसंगाची सरकारदरबारी नोंदही व्हावी. औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे तर रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात. ज्ञात दुष्परिणाम पुन्हा कशास कळवायचा, ही हयगय आहे. तो कोणास, कोणत्या मात्रेने, किती वेळाने झाला, हे आपल्या देशातील माणसांविषयी आपल्याच दफ्तरांतून कळले पाहिजे.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याचे औषध बदलण्यात आले, आणि दीड महिन्याने तो घरी गेला. जाण्याच्या दिवशी मेट्रनबाईंनी जुन्या केसपेपरच्या पुठ्ठ्याचा पत्त्याएवढा तुकडा कापला, त्यावर मोठ्या सुवाच्य अक्षरांत लिहिले की, या मुलास अमुक इंजेक्शनाने जीभ व घसा आखडतो, तसे झाल्यास प्रोमेथाझिन द्यावे, आणि उलटीचे इंजेक्शन देण्याआधी हे वाचावे. खाली त्यांनी माझी सही घेतली, पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिवला, आणि आईच्या हाती दिला. माउलीस वाचता येत नव्हते. बाईंनी तो तिला तीनदा वाचून दाखविला व एकदा तिच्याकडून पाठ म्हणवून घेतला.

पाच-सहा वर्षांनी ती दोघे बाह्यरुग्ण विभागात नेहमीप्रमाणे औषध नेण्यास आली असता तिने मला सांगितले की, श्रावणात पोराला ताप आला, उलट्या थांबेनात, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडरने सुई भरली होती. तिने कनवटीची पिशवी सोडून पुठ्ठा त्याच्यापुढे धरला. कंपाउंडरने तो वाचला, आत जाऊन डॉक्टरांस दाखविला, आणि परत येऊन भरलेली सुई बाजूला ठेवली. पिशवीची शिवण उसवली होती, ती तेवढी पुन्हा घालून द्या, असे म्हणत तिने ती माझ्या टेबलावर ठेवली, आणि मी ती बाईंकडे घेऊन गेलो.